सोबत काय आहे?

हदगाव सोडून उमरखेडच्या वाटेला लागलं की थोड्याच वेळात पैनगंगेचा पूल येतो. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. अलीकडे नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळ. तेवढं सोडलं तर दोन्ही काठांवर तीच काळी माती, तीच कपाशी आणि एकादशीला तेच भजन. आज हा पूल कुणीही गाडी न थांबवता ओलांडतो. पण १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत ही नदी म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाची हद्द होती. पलीकडचा वऱ्हाड १८५३ च्या तहानंतर इंग्रजांच्या कारभारात गेला होता. निजामाचं टपाल वेगळं, रेल्वे वेगळी, नाणंही वेगळं; सात हाली रुपये मोजले की साधारण सहा इंग्रजी कलदार हाती पडत. हद्दीवर जकात घेणारं खातंही संस्थानाचं स्वतःचं होतं. त्याचं नाव करोडगिरी.

नाका कुठल्याही राजवटीचा असो, तिथला शिपाई पहिला प्रश्न एकच विचारतो: सोबत काय आहे? ज्याच्या गाडीत पखवाज, पेटी आणि टाळ आहेत आणि जो हद्दीपलीकडे गायला निघाला आहे, त्याला हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. वाद्य दाखवता येतं. गाणं कसं दाखवायचं? त्याला वजन नाही, बिल नाही, बाजारभाव नाही. मग सीमेनं गाणाऱ्याला अडवायचं ते कशासाठी, आणि गाणाऱ्यानं सीमेचा मान ठेवायचा तो किती? भक्तिमार्गात या प्रश्नाचा सातशे वर्षं विचार झालेला आहे, आणि त्यातला बराचसा हदगावहून एका दिवसात जाऊन येता येईल एवढ्याच परिसराशी जोडलेला आहे.

आधी सीमेचंच बघू. ती वाटते तेवढी पक्की नसते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले, मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले आणि पैनगंगेवरची ही रेघ पुसली गेली. त्याच दिवशी दुसऱ्या बाजूला नवी उमटली. मुधोळ, भैंसा ही तोवर नांदेड जिल्ह्यातली गावं. ती आंध्र प्रदेशात गेली, आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आहेत. तामसा-भोकरमार्गे भैंशाकडे जाताना हदगावच्या माणसाला आज जी हद्द लागते ती त्याच्या आजोबाला लागत नव्हती. आजोबाला जी लागत होती, तिथून हा रोज मोटारसायकलवर जातो आणि त्याला तिचा पत्ताही नसतो. धर्माबाद, बिलोली, देगलूर या पट्ट्यात अर्धं घर मराठी आणि अर्धं तेलुगू बोलतं. गोदावरीकाठी बासरला ज्ञानसरस्वतीचं देऊळ आहे. नांदेडकडची कितीतरी लेकरं पहिलं अक्षर तिथं गिरवून येतात, आणि वसंत पंचमीला, नवरात्रात मराठवाड्यातल्या गाड्यांची रीघ लागते. वीणा हाती धरणाऱ्या देवीच्या दारात मराठी मंडळानं भजन करायचं तर आता राज्याची हद्द ओलांडावी लागते.

निघायच्या आदल्या रात्री मंडळाचं सामान देवळाच्या ओट्यावर जमा होतं. पखवाज जुन्या गोधडीत गुंडाळतात, शाईच्या तोंडावर टॉवेलाची घडी ठेवतात, कारण उन्हानं शाईला तडे जातात आणि मग हजार-दोन हजार खर्चून पुडी बदलण्यावाचून इलाज नसतो. टाळांच्या जोड्या दोरीनं एकमेकींना बांधून पिशवीत भरतात, नाहीतर एकाची वाटी दुसऱ्याच्या वाटीबरोबर जाते आणि कानाला खटकणारा बेसूर जोड तयार होतो. पेटीचा भाता दाबून कडी लावतात. वीणा मात्र सामानात जात नाही. ती कुणाच्या तरी मांडीवर बसून प्रवास करते. सप्ताहात सात दिवस वीणा खाली टेकवायची नसते, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. गाडीतही तो नेम पाळणारे विणेकरी आहेत.

एवढ्या जपणुकीनं वाद्य बांधणारी माणसं कागदांच्या बाबतीत मात्र देवावर हवाला ठेवतात. बारा-पंधरा जणांचं मंडळ मालवाहू पिकअपच्या हौद्यात बसतं, वर भगवी पताका लावली की झालं. हे चूक आहे. मालवाहू गाडीत माणसं बसवायला कायदा परवानगी देत नाही, आणि अपघात झाला तर हौद्यातल्या माणसांना विम्याची भरपाई मिळवताना वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. भाड्याची क्रूझर किंवा मिनीबस घ्यायची तर तिचा दुसऱ्या राज्यात चालणारा परवाना, फिटनेस, विमा, पीयूसी आणि चालकाचा त्या गाडीला चालणारा परवाना निघण्याआधी डोळ्यांनी पाहावा. स्वतःच्या खासगी मोटारीला असा वेगळा परवाना लागत नाही; आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन पुरतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्याराज्यांच्या हद्दीवरचे विक्रीकराचे नाके उठले. पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं, पण घरच्या वापरातल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. मंडळाचा वापरलेला पखवाज हा विक्रीचा माल होत नाही. अडचण येते ती नव्या वाद्यांची. नवी पेटी घेऊन येताना दुकानाची पावती पेटीतच ठेवावी.

निवडणुकीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. तेलंगणाच्या विधानसभेसाठी ३० नोव्हेंबर २०२३ ला मतदान झालं. अशा काळात हद्दीवर पथकं बसतात आणि हिशेब नसलेली पन्नास हजारांवरची रोकड ताब्यात घेतात. सप्ताहाची वर्गणी, अन्नदानाचे पैसे, कीर्तनकाराची बिदागी असं मिळून तेवढी रक्कम सहज होते. पावतीपुस्तक आणि जमाखर्चाची वही सोबत असली तर पाच मिनिटांत सुटका होते. नसली तर देवाचा पैसा आहे असं कितीही कळवळून सांगा, तो कुणाचा हे कागदावर कुठंच नसतं.

खऱ्या अर्थानं देशाची हद्द ओलांडणाऱ्या वादकांना हा हिशेब फार बारकाईनं ठेवावा लागतो. एका देशातून दुसऱ्या देशातल्या संगीत महोत्सवाला व्हॅन घेऊन जाणाऱ्या पथकांसाठी एटीए कार्नेट नावाची व्यवस्था आहे. तिचा मूळ करार १९६१ चा. भारतात हे कार्नेट फिक्की देते. त्यात प्रत्येक वाद्याचं नाव, खूण, किंमत लिहायची. जाताना शिक्का, येताना शिक्का. मुदत जास्तीत जास्त वर्षाची. जे नेलं ते सगळं परत आलं तर एक पैसाही जकात नाही. एखादी वस्तू तिकडेच राहिली, विकली किंवा कुणाला दिली, तर तिच्यावर कर भरावा लागतो. ब्रिटन युरोपीय संघातून पुरता बाहेर पडला आणि १ जानेवारी २०२१ पासून तिथल्या कलावंतांना हे सगळं नव्यानं शिकावं लागलं. त्याआधी कित्येक वर्षं ते खाडीपलीकडे असे जात, जसा हदगावकर आज उमरखेडला जातो.

लाकूड आणि कातडं यांचाही जाब द्यावा लागतो. तबल्याचा दायाँ पुष्कळदा शिसवाचा असतो. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या जातीची सगळी झाडं वन्यजीव व्यापाराच्या साइट्स करारात आली आणि लहानशा बिगरव्यापारी सामानापलीकडे त्या लाकडाच्या वाद्यांनाही परवाना लागू लागला. तयार वाद्यांना पुन्हा सूट मिळाली ती २६ नोव्हेंबर २०१९ ला. जुन्या तंबोऱ्यांवर हस्तिदंताची नक्षी असते, जुन्या घोड्या सांबरशिंगाच्या असतात. आजीचा तंबोरा लेकीबरोबर परदेशी पाठवताना ही नक्षीच आडवी येते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना ढोलकीचं कातडं विमानतळाच्या अर्जावर लिहून द्यावंच लागतं. दडवलं तर दंड. झाडाला, हत्तीला, परक्या देशातल्या मेंढ्यांना आपल्या गाण्यापायी इजा होऊ नये, एवढंच यामागं आहे. ज्यानं भूतदया हा शब्द रोज उच्चारला त्याला यात जाच वाटायचं कारण नाही.

आता तत्त्वाकडे. हिशेब आणि भक्ती यांचं वाकडं आहे, असा एक समज असतो. तो पैठणच्या एकनाथांपुढे टिकत नाही. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे एकनाथ हिशेबाचं काम करत. एका रात्री एका पैची चूक सापडेना, सगळी रात्र सरली, आणि ती सापडली तेव्हा त्यांनी आनंदानं टाळी वाजवली, अशी कथा आहे. एका पैसाठी एवढं चित्त लागतं तर ते विठ्ठलाकडे लाव, असं गुरूंनी सांगितलं. कथा सांगणारे इथं थांबतात. पण पै सोडून दे, असं जनार्दनस्वामी म्हणाल्याचं कुठंच येत नाही. पुढं एकनाथांनी भारुडं लिहिली, त्यात अर्जदस्त आहे, अभयपत्र आहे, ताकीदपत्र आहे. कचेरीतले रोजचे कागद त्यांनी परमार्थाच्या कामाला लावले. आज नाथ असते तर कार्नेटवर भारूड झालं असतं, असं मनापासून वाटतं. थोड्या मुदतीसाठी आत यायचं, जे आणलं ते जसंच्या तसं परत न्यायचं, मधे काही हडप करायचं नाही: देहाबद्दल संत दुसरं काय सांगत होते? जशी मिळाली तशीच परत ठेवलेल्या कबीराच्या चादरीची गोष्ट हीच आहे.

म्हणून नाक्यावरच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर देणं हा साधनेचाच भाग मानायला हवा. त्याच्या आड सगळ्यात जास्त येते ती पताका. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, आणि तो शेजारच्या राज्यांतून आत येत राहतो. देवाच्या गाडीला पोलीस हात लावत नाहीत, या भरवशावर कुणी परतीच्या वाटेवर सीटखाली एखादं पोतं सरकवलं, तर त्यात नुसता कायदा मोडत नाही. पुढच्या प्रत्येक मंडळाची गाडी संशयानं उघडली जाते. ज्या विणेकऱ्यानं रात्रभर वीणा मांडीवर सांभाळली, त्याच्या पायाशी ते पोतं असतं आणि त्याला ते ठाऊकही नसतं.

पण कायदा कधीच मोडायचा नाही, असंही धर्म सांगत नाही. पैनगंगेच्याच काठानं ते पाहिलेलं आहे. १९४७-४८ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद मुक्तीचा लढा पेटला, तेव्हा उमरखेडसारख्या हद्दीपलीकडच्या गावांत लढ्याची केंद्रं उभी राहिली. शिंदीची झाडं तोडणं आणि करोडगिरीचे नाके उद्ध्वस्त करणं हा त्या लढ्याचा भाग होता. दांडीला ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी मीठ उचललं, त्याच्या महिनाभर आधी त्यांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून सगळं कळवलं होतं. एकीकडे हत्यारी झुंज, दुसरीकडे सत्याग्रह. दोहोंची जात वेगळी. पण आपण काय करतो आहोत आणि कुणाविरुद्ध, हे दोघांनीही दडवलं नाही. तस्कर नाक्यासमोर मान खाली घालून जातो आणि नाका होता तसाच राहतो. ज्यानं नाका अन्यायाचा आहे असं ठरवलं, त्यानं ते उघड म्हटलं आणि त्याची किंमत दिली.

मग नाका अन्यायाचा आहे, हे ओळखायचं कसं? इथं अस्पृश्य ठरवलेल्या जातीत जन्मलेले संत चोखोबा आठवतात.

पंढरपूरच्या देवळाच्या उंबऱ्यावर चोखोबांना कुणी सोबत काय आहे, असं विचारलं नाही. तू कोण, असं विचारलं. या दुसऱ्या प्रश्नापुढे कुठलाही कागद चालत नाही. सामान दाखवून मोकळं होता येतं, जन्म कसा दाखवून मोकळं होणार? चोखोबा बाहेर उभे राहून गायले. १३३८ मध्ये मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना ते कोसळलं आणि त्याखाली ते गेले. ज्या रेघेनं आयुष्यभर बाहेर ठेवलं, तसलीच एक रेघ अंगावर पडली. नामदेव त्यांच्या अस्थी आणायला गेले. ढिगाऱ्यात कितीतरी मजूर होते. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं ओळखून त्यांनी ती पंढरीला आणली, अशी परंपरा सांगते. महाद्वारासमोर ती समाधी आहे. उंबरा तरीही बंदच राहिला, पुढची सहाशे वर्षं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं तेव्हा तो उघडला. स्वातंत्र्याला तेव्हा सुमारे तीन महिने उरले होते.

हा भेद मनात पक्का असावा. पहिला प्रश्न विचारणारा नाका करडा असेल, वेळ खाईल, पण माणसाला उत्तर देण्याची संधी देतो. दुसरा प्रश्न विचारणारा नाका उत्तर आधीच ठरवून बसलेला असतो. आजही हद्दीवर गाडी थांबल्यावर आधी सामान उघडलं जातं की आधी नाव विचारलं जातं, याकडे लक्ष द्यावं. नावावरून गाडी बाजूला घेतली जात असेल, तर तो करोडगिरीहून जुना नाका आहे.

नामदेवांचा जन्म नरसीचा, हदगावच्या शेजारच्या, आजच्या हिंगोली जिल्ह्यातला. त्यांनाही हा दुसरा प्रश्न भेटला. औंढ्याला नागनाथाच्या पुढ्यात ते कीर्तन करत होते. शिंप्याच्या पोरानं इथं गाऊ नये म्हणून पुजाऱ्यांनी त्यांना मागं जायला लावलं. ते मागं गेले, गात राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. औंढ्याला आजही नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला हीच कथा सांगून तो दाखवतात. नामदेव भांडले नाहीत, खोटं नाव सांगून आत शिरले नाहीत. ते गायचं थांबले नाहीत, एवढंच.

पुढं ते पंजाबात गेले. गुरुदासपूर जिल्ह्यातलं घुमान त्यांचं गाव झालं. २०१५ मध्ये अठ्ठ्याऐंशीवं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, आणि देऊळ फिरल्याची हकीकत त्यांतल्या एका पदात आहे. नरसीहून निघालेलं गाणं पंजाबात लिहिलं गेलं, आणि जिथं १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी ग्रंथाला गुरुपद दिलं त्या नांदेडला हुजूर साहिबमध्ये परत आलं. नरसीपासून नांदेड काही तासांच्या वाटेवर. गाण्याला मात्र पंजाबावरून यावं लागलं, आणि एवढ्या वाटेत त्याला कुणी शिक्का मारला नाही.

त्याच ग्रंथात संत रविदासांचं बेगमपुऱ्याचं पद आहे. त्यांनी कल्पिलेल्या त्या शहरात दुःख नाही, मालावर कर नाही, भय नाही, आणि कुणीही कुठंही फिरू शकतो. एका चर्मकार संतानं स्वर्गाचं वर्णन करताना रत्नांची जमीन आणि अमृताच्या नद्या बाजूला ठेवून जकातीची माफी लिहिली. ज्याला रोज उंबऱ्यावर अडवलं जातं त्यालाच सुख म्हणजे काय ते इतकं नेमकं सुचतं. ही माफी नुसती स्वप्नात राहिली असंही नाही. सतराव्या शतकात काशीत राहणारे कवींद्राचार्य सरस्वती हे मूळचे गोदावरीकाठचे संन्यासी. काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरचा कर रद्द करावा म्हणून ते शाहजहानपुढे उभे राहिले आणि त्यांनी तो रद्द करवून घेतला. काशीच्या पंडितांनी त्यांच्या गौरवासाठी रचलेली कवनं 'कवींद्रचंद्रोदय' या संग्रहात आहेत. विशेष म्हणजे कवींद्राचार्य स्वतः ब्रज भाषेत ध्रुपदं रचणारे होते.

आपल्या काळात, ९ नोव्हेंबर २०१९ ला, पाकिस्तानातल्या करतारपूरची वाट उघडली तेव्हा नांदेडच्या शीख घरांतही दिवे लागले. सोबती भाई मर्दाना आणि त्यांचा रबाब घेऊन गुरू नानक मुलुखोमुलुख हिंडले आणि अखेर त्या गावी स्थिरावले. भाविकाला तिथं व्हिसा नको होता, पण वीस डॉलर शुल्क, सोबत अकरा हजारांपर्यंत रोकड आणि सात किलोंची पिशवी एवढीच मुभा ठरली. सात किलोंत पेटी बसणं अवघडच. लोक कंठात बसेल तेवढं घेऊन गेले.

हदगावच्या ओट्यावरून निघालेलं मंडळही एक वस्तू सोबत नेत नाही. पखवाजाच्या धुमेला कणीक लावावी लागते, तिच्याशिवाय खर्ज येत नाही. आणि भजन संपलं की ती खरवडून काढावी लागते, नाहीतर वाळून कातडं ओढते. म्हणून कणीक कधी बांधून नेत नाहीत. हद्द ओलांडून मुक्कामाच्या गावी पोचलं की पखवाजी गोधडी सोडतो, वाटी घेऊन जवळच्या घराच्या दाराशी जातो आणि मूठभर कणीक मागतो. घरातली बाई तेलुगूत काहीतरी विचारते. तो पखवाज मारल्यासारखा हात हवेत हलवून दाखवतो. ती हसते, आत जाते, आणि परातीतला भिजवलेला गोळा तोडून त्याच्या वाटीत ठेवते.